अर्ध्या मॅचचा मॅनेजर

आलापल्लीच्या बस स्टँडाजवळ नूर मोहम्मदचं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या सीटा शिवणं, नवं रेग्झिन चढवणं, दबलेल्या स्प्रिंगा उठवणं हा त्याचा धंदा. दुकानापुढं बाकडं नव्हतं. दुरुस्तीला काढलेल्या सीटा ओळीनं पडलेल्या असत आणि संध्याकाळी फुटबॉलवर बोलायला येणारी मंडळी त्यांच्यावरच टेकत. वाद ऐन रंगात आलेला असताना एखादा ड्रायव्हर येई आणि बोलणाऱ्याच्या बुडाखालची सीट उचलून नेई. मग उरलेला मुद्दा उभ्यानं मांडावा लागे. उभ्यानं मांडलेले मुद्दे फार लांबत नाहीत, असं माझं तिथल्या चार वर्षांचं निरीक्षण आहे.

वाद एकाच क्लबाबद्दल असे. न्यू स्टार फुटबॉल क्लब, आलापल्ली. जुना स्टार नावाचा क्लब गावात कधीच नव्हता. पण नव्यानं सुरुवात करायची तर नावात नवेपणा हवा, एवढाच विचार त्यामागं असावा. क्लबाला पंचवीसेक वर्षं झाली होती. त्यात त्यानं फार काही जिंकलं नव्हतं, त्यामुळे बोलायला विषय भरपूर होता. जिंकणाऱ्यांचा इतिहास दोन वाक्यांत संपतो.

एक पद्धत मात्र ठरलेली होती. जो मॅनेजर चालू असे तो मूर्ख असे आणि जो गेला तो जाणकार ठरे. पहिला मॅनेजर एक वनरक्षक होता. तो पोरांना अनवाणी खेळवी, कारण बूट घातला की पायाला बॉल कळत नाही असं त्याचं मत. तेव्हा त्याला लोकांनी वेड्यात काढलं. तो गेल्यावर दहा वर्षांनी, 'अनवाणी होते तेव्हा पोरं खेळत होती' असं तीच माणसं हळहळून सांगत. आता मॅनेजर होता राजदीप, जिल्हा परिषदेच्या शाळेतला तरुण गुरुजी. सध्या मूर्ख ठरण्याची पाळी त्याची होती आणि ती तो समजूतदारपणे निभावत होता.

मालकीचा प्रश्न याहून खोल होता. क्लबाची कुठं नोंदणी नव्हती, घटना नव्हती. मग मालक कोण? याचं उत्तर गावानं लाकडाच्या कायद्यानं काढलं होतं. वनखात्याच्या लाकूड डेपोतल्या लिलावात माल घेतला की व्यापारी ओंडक्याच्या टोकावर हातोड्यानं आपला शिक्का ठोकतो. शिक्का ज्याचा, लाकूड त्याचं. न्यू स्टारच्या मैदानावरचे दोन्ही गोलांचे खांब अस्सल सागाचे होते. ते राजन्ना सावकारानं दिलेले, आणि आडव्या खांबांच्या टोकांवर त्याच्या आरा मशीनचा शिक्का होता. म्हणून क्लब राजन्ना सावकाराचा.

सावकार मूळचा सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा. तो वारूनही आता पाच वर्षं झाली होती. पोरं वरंगलला निघून गेली. आपण एका फुटबॉल क्लबाचे वारस आहोत हे त्यांना कोणी कळवलं नसावं. पण खांब जागेवर होते, शिक्का जागेवर होता, त्यामुळे मालकही जागेवरच धरला जाई. मालक मयत आहे याची अडचण कोणालाच वाटत नव्हती. पूर्वीपेक्षा ढवळाढवळ कमी झाली, एवढंच.

या कायद्याचे मुख्य जाणकार गुणवंतराव. लाकूड कोणाचं आहे हे सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नव्हती. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात एके संध्याकाळी राजदीप वर्तमानपत्र घेऊन आला.

"इंग्लंडात एका रशियन माणसानं क्लब विकत घेतला जी. अख्खा."

"खांबासहित?" गुणवंतरावांनी विचारलं.

"अख्खा म्हणजे खांब आलेच ना."

"तसं छापलं आहे काय?"

राजदीपनं बातमी पुन्हा वाचली. खांबांचा उल्लेख नव्हता.

"मंग फसला तो," गुणवंतराव म्हणाले. "गडी परदेशी दिसते. कोनी सांगतलं नसन त्याले."

आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. नूर मोहम्मद दोरा तोडत बाहेर आला. पन्नाशीचा, ठेंगणा, दाढी मेंदीनं रंगवलेली, खांद्यावर कायम मोजायची टेप.

"मालक बदलला का मॅनेजरबी बदलते ना, गुरुजी?"

"बहुतेक बदलतेच भाऊ. मालक ठेवन तो मॅनेजर."

"आन मालकच नसन तर? टीम तं मैदानात हाये, मालक नाई. मंग जो टीम चालवते त्याले काय म्हनाचं?"

एका सीटवरून कोणीतरी सुस्कारा सोडला. "निघाली गाडी चामोर्शीले."

चामोर्शीची गाडी आठवड्यातून एकदा तरी निघतच असे. प्रकरण नऊ वर्षांपूर्वीचं, चामोर्शीतल्या एका टूर्नामेंटच्या सेमी फायनलचं. तेव्हा मॅनेजर होते बिश्वासबाबू. मुलचेऱ्याकडं बंगाली निर्वासितांची गावं आहेत, त्यांपैकी एका गावात ते कंपाउंडर होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. त्या गावांतली पोरं चालायला लागण्याआधी बॉल मारतात अशी ख्याती आहे, म्हणून सावकारानं खास तिकडून मॅनेजर आणला होता. जमिनीवरून छोटे पास, हा बिश्वासबाबूंचा धर्म. हाफ टाइमला न्यू स्टार एका गोलानं मागं होती. सावकार बिश्वासबाबूंना बाजूला घेऊन चिंचेखाली गेला. तिथं काय बोलणं झालं ते कोणालाच ऐकू आलं नाही, फक्त हात दिसले. मग बिश्वासबाबूंनी छत्री उचलली आणि ते सरळ बस स्टँडकडं चालू लागले. सावकार परत आला, अकरा पोरांसमोर म्हणाला, "मले असा क्लबच नाई पाह्यजे," आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

उरला नूर मोहम्मद. तो टीमबरोबर बॉल घेऊन गेला होता. तेव्हा बॉल चामड्याचा, त्याची शिवण उसवे, आणि ती बसवायचं काम त्याचं. त्यानं बिश्वासबाबूंची शिट्टी गळ्यात अडकवली आणि एक गोष्ट केली. टीमचा गोलकीपर लालसू नावाचा माडिया आदिवासी तरुण होता. भामरागडकडचा, डेपोत लाकूड भरायला आलेला, उंच, बोलण्यात फार काटकसरी. नूर मोहम्मदनं त्याला गोलातून काढून सेंटर फॉरवर्डला पाठवलं आणि पत्रू नावाच्या बुटक्या बॅकला गोलात उभं केलं. लालसूची जर्सी पत्रूच्या गुडघ्याखाली गेली होती. समोरची टीम त्याला हसत असतानाच लालसूनं कॉर्नरवर एक गोल डोक्यानं मारला. हसणं थांबलं तेव्हा दुसरा मारला. दोन-एक. न्यू स्टार पहिल्यांदाच फायनलला पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिश्वासबाबू बसनं परत आले. सावकारही जीपनं परत आला. दोघांनीही काही झालंच नाही असं धरलं आणि दोघांच्या मोठेपणाला धरून इतरही गप्प बसले. नूर मोहम्मद पुन्हा बॉल शिवायला बसला, लालसू पुन्हा गोलात गेला, आणि टीम फायनल तीन-शून्यानं हरली. त्या संध्याकाळी बिश्वासबाबू गावी गेले ते पुन्हा आलापल्लीला आले नाहीत.

तर प्रश्न असा, की त्या दुसऱ्या हाफात न्यू स्टारचा मॅनेजर कोण होता?

यावर दोन पक्ष होते. खांबवाल्यांचं नेतृत्व गुणवंतरावांकडं. सावकार रागात काहीही म्हणाला असेल, शिक्का खांबावर कायम होता. म्हणजे मालक तोच, आणि त्यानं नूर मोहम्मदला नेमलेलं नाही. दुसरा पक्ष तोंडवाल्यांचा. माणसानं अकरा जणांसमोर क्लब नको म्हटलं तिथं मालकी संपली. म्हणजे त्या वेळी मालकच नव्हता, आणि मालकच नसेल तर मॅनेजर नेमणार कोण? दोन्ही पक्षांचं एकमेकांशी कशावरच पटत नसे. एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे नूर मोहम्मद मॅनेजर नव्हता.

आणि नूर मोहम्मदला तर नेमकं मॅनेजर म्हणूनच धरलं जायला हवं होतं.

मॅनेजर म्हणून धरलं गेल्यानं मिळणार काय होतं? एक गाठ. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मॅचआधी गोलाला जाळं चढवत. जाळं ढिवरांनी विणलेलं, मासे धरतात त्याच सुताचं, फक्त भोकं मोठी. त्या दिवशी क्लबाचे माजी मॅनेजर एकेक करून स्टुलावर चढत आणि आडव्या खांबाला जाळ्याची एकेक गाठ मारत. मॅनेजर वारला असेल तर त्याचा मुलगा मारी. बाहेरगावी असेल तर त्याच्या नावानं दुसरं कोणी. गाठ मारताना नाव मोठ्यानं पुकारत आणि लोक टाळ्या वाजवत. बाकीच्या पन्नास गाठी नूर मोहम्मद आदल्या दिवशी एकटा मारून ठेवी. त्या पुकारल्या जात नसत. शिवाय दरवर्षी तो स्टुलावरही चढत असे, पण बिश्वासबाबूंच्या नावानं. नऊ वर्षं त्याच्या हातानं मारलेल्या गाठीला दुसऱ्याच्या नावानं टाळ्या पडत होत्या.

मला यात सगळ्यात नवल एका गोष्टीचं वाटे. बिश्वासबाबू हयात होते. बसनं गेलं तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला त्यांच्या गावी पोचता येई. नऊ वर्षं हा खटला चालला आणि मुख्य साक्षीदाराला कोणी बोलावलं नव्हतं. मी एकदा गुणवंतरावांना विचारलं.

"त्यायले इचारून काय करता जी?" ते म्हणाले. "त्यायनं सांगतलं तर मंग बोलाचं काय?"

नूर मोहम्मदलाही विचारलं. बिश्वासबाबूंना बोलावण्याच्या तोच सगळ्यात विरुद्ध निघाला. कारण शिट्टी. गुणवंतरावांचं म्हणणं, बिश्वासबाबूंनी जाताना शिट्टी आपल्या हातानं नूर मोहम्मदला दिली. म्हणजे तो फार तर बदली माणूस. नूर मोहम्मदचं म्हणणं, शिट्टी गवतात पडली होती, ती त्यानं स्वतः उचलली. हे सांगताना तो दर वेळी गवत किती उंच होतं ते हातानं दाखवी, आणि ते गवत दर वर्षी थोडं वाढे.

त्या वर्षी सप्टेंबरात राजदीप पहिल्या मॅचचं आमंत्रण द्यायला बंगाली गावांत गेला आणि बातमी घेऊन आला. टीम येतेय, आणि बिश्वासबाबू स्वतः टीमबरोबर येतायत.

सगळ्यांनी नूर मोहम्मदकडं पाहिलं. बिश्वासबाबू स्वतः येणार म्हणजे त्यांची गाठ ते स्वतः मारणार. नूर मोहम्मदच्या वाट्याची उसनी गाठही गेली.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "येऊ द्या. बहुत दिवस झाले." आणि आत जाऊन त्यानं एका सीटचं रेग्झिन उलट्या बाजूनं शिवलं.

मग त्यानं खटपट सुरू केली. गुणवंतरावांची स्कूटर दुकानापुढं उभी होती; तिची फाटकी सीट त्यानं न विचारता काढली आणि मरून रंगाची, कडेला पांढरी पायपिंग असलेली नवी सीट बसवून दिली. गुणवंतरावांनी बसून पाहिलं. दोनदा उसळून पाहिलं.

"सीट एक नंबर झाली, नूर. पन मॅनेजर तू नव्हता."

"सीट त्याच्यासाठी बसवली असं मी कुठी बोललो जी?"

"मी आपलं सांगून ठेवलं."

तोंडवाल्यांकडं त्यानं वेगळा मुद्दा नेला. मालकच नव्हता तर मॅनेजर नेमायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यानं टीम हाती घेतली तो आपोआप. तोंडवाल्यांना हे विचार करण्यासारखं वाटलं, आणि त्यांनी विचार करायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेळ मागितला. घरी त्याची बायको शकिला हे सगळं ऐकत होती. ती दुकानात डबा द्यायला आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "एका गाठीसाठी गावभर फिरून राह्यले. घरचा पाळना चार महिने झाले तुटून पडला हाये, त्याले गाठ माराले मॅनेजर भेटन काय कोनी?"

"तिथी टाळ्या नाई पडत बाई," एक जण म्हणाला. शकिलासुद्धा हसली. नूर मोहम्मद हसला नाही. मग तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "मेल्यावर पोरगा गाठ मारते, शकिला. मॅनेजर असन तरच."

तेव्हा मला त्या गाठीचं वजन थोडं कळलं.

मॅचच्या दिवशी मैदानावर चांगली गर्दी होती. मॅच दुपारीच ठेवली होती, कारण बाहेरच्या टीमला उजेडात घरी पोचायचं असे. बिश्वासबाबू आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात छत्री. छत्री तीच होती की नाही यावर लगेच कुजबुज झाली. लालसूही आला होता. तो आता डेपोतच कायम कामाला होता आणि त्यानं खेळणं सोडलं होतं.

गुणवंतरावांनी आधी आडव्या खांबाच्या टोकावरच्या शिक्क्याला हात लावून मालकाच्या नावानं गाठ मारली. मग वनरक्षकाच्या मुलानं. मग राजदीपनं पुकारलं, "बिश्वासबाबू!" टाळ्या पडल्या. बिश्वासबाबू स्टुलावर चढले, दोरी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"मोतीबिंदू का ऑपरेशन बाकी है," ते म्हणाले. "दिखता नहीं है ठीक से. नूरभाई किधर है? नूरभाई, बांध दो मेरा."

नूर मोहम्मद पुढं गेला. दोरी हातात घेतली. आणि मग हात तसाच वर धरून तो थांबला.

"तुमची तं बांधून देतो डॉक्टरसाब. नऊ साल से बांधून राह्यलो. माझी कोन बांधन?"

"तुम्हारी कौन सी?"

गर्दीत चुळबुळ झाली. जे नऊ वर्षं टाळलं ते आता टळणार नव्हतं. शेवटी राजदीपनंच विचारलं. तो गावात नवा होता आणि त्याला वाद संपण्याची भीती नव्हती.

"बाबू, चामोर्शीच्या सेमी फायनलला तुम्ही हाफ टाइमला गेले. दुसऱ्या हाफात मॅनेजर कोन होता?"

"मैं ही था," बिश्वासबाबू म्हणाले. "मैं बस में था, पर टीम तो मेरी थी."

नूर मोहम्मदचा हात खाली आला.

"आन शिट्टी?" गुणवंतराव पुढं सरसावले. "शिट्टी तुमी देली का याच्या हातात?"

"दिया था."

"पाहा," गुणवंतराव सगळ्यांकडं वळून म्हणाले. "गवत!"

"छाता खोलना था ना," बिश्वासबाबू म्हणाले. "धूप था. एक हाथ में शिट्टी, एक हाथ में बैग, छाता कैसे खोलेगा? इसको बोला, पकड़ो. फिर छाता खुल गया, मैं चला गया. शिट्टी का ध्यान नहीं रहा."

धरायला दिलेली शिट्टी म्हणजे नेमणूक का, हा प्रश्न कोणाच्याच तयारीतला नव्हता.

"पन भांडन कायचं झालं होतं चिंचेखाली?" कोणीतरी मागून ओरडलं. यावरही गावात पाच-सहा मतं होती. हाफ टाइमच्या सोडाबाटल्यांवरून, सावकाराच्या पुतण्याला खेळवण्यावरून, त्याच्या जीपवरून.

बिश्वासबाबू स्टुलावरच बसले. "लालसू के ऊपर हुआ. पहला गोल उसके हाथ से छूटा था. सावकार बोला, इसको बाहर बैठाओ, दूसरा गोलकी डालो. मैं बोला, लालसू को गोल से नहीं हिलाएगा. गोलकी टीम का जड़ है. जड़ हिला तो पेड़ गया. सावकार बोला, क्लब मेरा है. मैं बोला, तो आप ही खेलाओ." त्यांनी मान वर केली. "और देखो, मैं सही था. लालसू गोल में रहा और हम जीता. दो-एक."

सगळे लालसूकडं पाहत होते. लालसू जाळ्याच्या मागं उभा होता.

"मी गोलात नव्हतो," तो म्हणाला.

"क्या?"

"दुसऱ्या हाफात. पुढं होतो. दोनी गोल मी मारलो."

बिश्वासबाबूंना ते कळायला वेळ लागला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. नऊ वर्षं हा माणूस त्या विजयाकडं आपल्या तत्त्वाचा विजय म्हणून पाहत आला होता. फायनलच्या सकाळी कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर आधी ते निघून गेले होते हे काढावं लागलं असतं.

"गोल में कौन था?"

"पत्रू," दहा-बारा जण एकदम म्हणाले.

"पत्रू!" बिश्वासबाबूंनी हातानं कमरेएवढी उंची दाखवली. "वो पत्रू? किसने किया ये?"

लालसूनं नूर मोहम्मदकडं बोट दाखवलं. "यानं म्हनलं, पुढं जाय. मी गेलो."

"मैं मर जाता तो भी नहीं करता," बिश्वासबाबू म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "जिस बात पर मैं नौकरी छोड़के गया, वही बात तुमने किया? लालसू को गोल से निकाला?"

"निकाला," नूर मोहम्मद म्हणाला. एवढंच. त्याची मान खाली होती.

"मेरे से पूछता तो मैं शिट्टी छीन लेता तुम्हारा. ये मेरा काम नहीं है. ये मेरे नाम पर मत लिखो. मेरा मैनेजरी पहला हाफ तक. उसके बाद जो हुआ, वो ये जाने."

आता सगळ्यांचं लक्ष गुणवंतरावांकडं गेलं. ते खांबाला टेकून विचार करत होते. लाकडाचा माणूस, एखाद्या ओंडक्यावर दोन शिक्के दिसले तर तो कोणाचा हे ठरवायची त्यांना सवय होती. हा ओंडका दोन्हींपैकी एकाही शिक्क्याचा निघत नव्हता.

"सावकार म्हने लालसूले बसवा," ते हळूहळू म्हणाले. "डॉक्टर म्हने लालसूले हालवू नका. यानं बसवलं नाई आन ठेवलं बी नाई. पुढं पाठवलं." त्यांनी पुन्हा एकदा बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजे हे मालकाचं बी नाई, मॅनेजरचं बी नाई. हे तं तिसऱ्याचंच डोकं होय."

"मंग?" राजदीपनं विचारलं.

"मंग काय? त्याची गाठ त्याले मारू द्या. मॅच सुरू करा, बंगाल्यायले घरी जाचं हाये."

राजदीपनं पुकारलं, "नूर मोहम्मद!" टाळ्या पडल्या. फार मोठ्या नाही. अर्ध्या मॅचच्या मॅनेजरला बेतानंच, असं कुठंतरी लोकांनी ठरवून टाकलं असावं. बिश्वासबाबूंना हात देऊन उतरवून नूर मोहम्मद स्टुलावर चढला आणि त्यानं आधी त्यांची गाठ मारली. मग शेजारी स्वतःची. या दुसऱ्या गाठीला त्यानं इतका वेळ घेतला की पंचांनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं. खाली उतरल्यावर त्यानं पोराला, जाहिदला, जवळ बोलावलं आणि खांबावरची ती जागा बोटानं दाखवली. जाहिदनं मान हलवली. त्याचं लक्ष बंगाली टीमच्या बुटांकडं होतं.

मला वाटलं वाद मिटला. मी अजून त्या गावात नवाच होतो म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी सीटांवर बसली आणि गुणवंतरावांनीच सुरुवात केली.

"गोलकी पुढं पाठवते म्हंजे काय? समोरून एक लंबा बॉल आला असता तर?"

"पत्रूच्या डोक्यावरून गेला असता ना जी," दुसरा म्हणाला. "खुर्चीवर उभा केला असता तरी गेला असता."

"नशीब होतं म्हनून जितलो. त्याले काय मॅनेजरी म्हनतेत?"

"आन फायनलले काऊन नाई बोलला हा? लालसूले पुढं ठेवा म्हनून सांगाचं ना. मॅनेजर होता ना तू? मंग टीमले हरू काऊन देलं?"

"न्यू स्टारले आजपर्यंत जेवढे मॅनेजर भेटले," गुणवंतराव निकालाच्या सुरात म्हणाले, "त्यायच्यात सगळ्यात येडा हाच."

शिलाई मशीन थांबलं. नूर मोहम्मद दाराशी आला. त्याच्या हातात कात्री होती.

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

"डॉक्टरसाबपेक्षाबी?"

"त्यायनं निदान गोलकी जागेवर ठेवला."

"वनरक्षकसाबपेक्षाबी? तो तं पोरायले अनवाणी खेळवे."

"तेव्हा पोरं खेळत होती," गुणवंतराव म्हणाले.

नूर मोहम्मदनं कात्री आत ठेवली. एक रिकामी सीट ओढून तो मंडळींच्या मधोमध बसला, टेप खांद्यावरून काढून मांडीवर गुंडाळली, आणि चेहरा असा केला की जणू नऊ वर्षं हे भाषण शिवून तयार होतं आणि फक्त गिऱ्हाईक यायचं बाकी होतं.

"तुमाले कोनाले हवेचं ध्यान होतं काय?" त्यानं विचारलं. "दुसऱ्या हाफात हवा कोनत्या बाजूनं होती, सांगा. नाई ना माहीत? मंग आता चूप बसून ऐका."

आणि तो हवेपासून सुरू झाला.